पिशवीतले जुने कागद वाचायचे कसे: बिन, कोम, अ.पा.क. आणि बाकी सगळी मंडळी

मुंबईतल्या मराठी घरात जुने कागद साधारण दोन प्रकारचे निघतात, एक गावच्या जमिनीचे आणि दुसरे चाळीतल्या खोलीचे, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकाच पिशवीत कोंबलेले असतात. कुणीतरी वारतं नाहीतर बिल्डर येतो, मग ती पिशवी कपाटावरून खाली निघते, व्हॉट्सॲपवर फोटो फिरायला लागतात आणि खाली मेसेज, "बघ रे तुला कळतंय का". मी फोर्टात एका वकिलांच्या ऑफिसात कागद लावायचं काम करतो त्यामुळे हे फोटो शेवटी माझ्याकडेच येतात, तर म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. हे वाचून सही करायला जाऊ नका, त्यासाठी वकील गाठायचाच, पण वकिलाकडे जाताना आपल्या हातात नक्की काय आहे एवढं तरी माहीत असावं.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. जुन्या कागदातल्या शब्दाचा आजचा अर्थ लावायचा नाही. तो शब्द त्या कागदात काम काय करतोय ते बघायचं, म्हणजे कोण देतोय, कोण घेतोय, काय देतोय आणि स्वतःकडे काय ठेवतोय. शब्द कुठून आला हे कळलं की ते काम पटकन दिसतं, एवढ्यासाठीच मी व्युत्पत्ती सांगणार आहे, शो मारायला नाही.

आता एवढं फारसी-अरबी आपल्या कागदात आलं कुठून, तर बहमनी, निजामशाही, आदिलशाहीच्या दफ्तरांतून. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पण खालच्या कारकुनाच्या हातात जे बसलं होतं ते पेशवाईतही चाललं आणि इंग्रजांच्या जिल्हा कोर्टांतही चाललं. संस्कृत शब्द मुख्यतः धर्मशास्त्रातून आले, दाय, सपिंड, स्त्रीधन वगैरे. मुंबई बेटाची गोष्ट मात्र वेगळी. इथे पेशव्यांचं राज्य कधी नव्हतंच. पोर्तुगीजांनी १६६१ च्या लग्नाच्या तहात बेट इंग्लंडच्या राजाला दिलं, राजाने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिलं. त्यामुळे गिरगावातल्या जुन्या कागदाची परिभाषा राजापूरच्या कागदाशी जुळत नाही. दोन्ही एकाच पिशवीत असले तरी वाचायची पद्धत वेगळी, म्हणून आधी दोन गठ्ठे करा, गावचा एक आणि मुंबईचा एक.

गावचा गठ्ठा

कागद वरून खाली वाचायला घेऊ नका, पहिल्या चार ओळींतच माणूस हरतो. आधी दोन शब्द शोधा, "लिहून देणार" आणि "लिहून घेणार". देणार म्हणजे ज्याच्याकडून हक्क जातोय तो, म्हणजे विकणारा, गहाण ठेवणारा किंवा बक्षीस देणारा. घेणार म्हणजे ज्याला मिळतोय तो. आपले आजोबा कुठल्या बाजूला आहेत ते बघितलं की निम्मं काम झालं. घराघरात "आजोबांचं खरेदीखत" म्हणून जपून ठेवलेल्या कागदात आजोबा लिहून देणार निघतात, म्हणजे जमीन घेतल्याचा नाही, विकल्याचा कागद असतो तो, आणि अख्खं घर त्याच्यावर आशा लावून बसलेलं असतं.

मग नावं. "अमका बिन तमका" मधला बिन हा बिनपगारी, बिनडोक मधला बिन नाही, तो अरबी आहे, अर्थ मुलगा. वल्लदही तेच. बायकांच्या नावापुढे "कोम" किंवा "भ्रतार" येतं, कोम म्हणजे अमक्याची बायको, भ्रतार म्हणजे नवरा, आणि बऱ्याचदा नुसतं "भ्र." असं लिहून पुढे नवऱ्याचं नाव टाकलेलं असतं. एकदा एका कुटुंबाने कोम हे आडनाव समजून ती बाई आपल्यातली नाहीच म्हणून वंशावळीतून वगळली होती, तीच नेमकी सख्खी आजी निघाली. मयत म्हणजे वारलेला, हे कळतं सगळ्यांना. इसम म्हणजे माणूस, मूळ अरबीत नाव. "मजकूर इसम" म्हणजे वर ज्याचा उल्लेख झाला तो माणूस, कारण मजकूर म्हणजे मुळात उल्लेख केलेला, आणि सदरहू पण त्याच कामाचा. हे दोन शब्द आले की मागे जायचं आणि कोणाबद्दल चाललंय ते बोटाने दाखवून घ्यायचं, कारण जुन्या दस्तात पूर्णविराम ही चैन नसायची, सगळा कागद एका दमात.

रक्कम बघताना एक मजेशीर गोष्ट दिसेल. "रुपये ८००, निमे रुपये चारशे" असं काहीतरी. लोक विचारतात की मग व्यवहार आठशेचा की चारशेचा? आठशेचाच. निम्मी रक्कम मुद्दाम लिहायची म्हणजे नंतर कुणी आठशेच्या मागे एक लावून अठराशे केले तर निम्म्याशी हिशोब जुळणार नाही. खाडाखोड पकडायची सोपी युक्ती होती ती. तारीख शके मध्ये असेल तर ७८ मिळवा म्हणजे इसवी सन येतं, शके १८४० म्हणजे १९१८, पण तिथी वर्षाच्या शेवटाकडची म्हणजे माघ-फाल्गुनाची असेल तर ७९ मिळवायचे कारण तोवर जानेवारी उलटलेला असतो.

आता खरा प्रश्न, दिलंय काय? इथे कागदाचं नाव बघायचं आणि इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात.

खरेदीखत म्हणजे मालकी गेली. खत म्हणजे अरबीत लेखन, पत्र. साठेखत म्हणजे मालकी गेली नाही, विकायचं ठरलं एवढंच, साटंलोटं मधलं जे साटं आहे तेच हे, सौदा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५४ मध्ये स्पष्ट आहे की नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. म्हणजे पणजोबांनी साठेखत करून पैसे दिले आणि पुढे खरेदीखत झालंच नाही, तर तुमच्या हातात मालकी नाही, फार तर तो करार पुरा करून मागायचा हक्क होता आणि त्याची मुदत कधीच संपलेली असणार. इसारपावती त्याच्याही आधीची पायरी, बयाणा दिल्याची पावती.

गहाणखताला नीट वेळ द्या. कब्जेगहाण म्हणजे जमीन सावकाराच्या ताब्यात, तो पीक खाणार. नजरगहाण म्हणजे जमीन तुमच्याकडेच, सावकाराची त्याच्यावर नुसती नजर, शब्दातच सगळं आलंय. पण काही कागदांना नाव खरेदीखताचं असतं आणि आत कुठेतरी अट असते की अमुक वर्षांत रक्कम परत केली तर जमीन परत. हे बघा बरं का, नावाला भुलू नका, अट त्याच कागदात असेल तर ते गहाण ठरू शकतं, आणि गहाणाला सोडवून घ्यायचा हक्क असतो. असा कागद मिळाला तर वकिलाला फोटो नाही, मूळ कागद नेऊन दाखवा.

जुन्या कर्जाच्या कागदांत दामदुप्पट हा शब्द दिसतो आणि आज तो शब्द नेमका उलटा झालाय. आज दामदुप्पट म्हटलं की पैसे डबल करून देणारी स्कीम. मूळ हिंदू कायद्यातला नियम मात्र कर्जदाराला वाचवणारा होता, सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येणार नाही, म्हणजे शंभर दिले तर कितीही वर्षं झाली तरी एकत्र वसुली दोनशेच्या वर नाही. मुंबई इलाख्यातली कोर्टं हा नियम मानत होती. म्हणून कागदात "दामदुपटीने" दिसलं की सावकाराने लुटलं असं लगेच ठरवू नका, ती कमाल मर्यादा असू शकते.

जामीनचंही असंच. आज जामीन म्हटलं की कोर्टातून सुटणं. मुळात जामीन म्हणजे हमी घेणारा माणूस, अरबी झामिन. जुन्या रोख्यात खाली "जामीन अमका" असेल तर तो अमका तुरुंगात नव्हता, त्याने दुसऱ्याच्या कर्जाची हमी घेतली होती, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सहसा जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. अनेक घरांच्या जमिनी अशा मित्राला जामीन राहून गेल्या आहेत, आणि घरी मात्र गोष्ट अशी सांगितली जाते की सावकाराने खोटी सही करून घेतली.

बक्षीसपत्राला लोक हलकं समजतात कारण बक्षीस म्हटलं की शाळेतला कप आठवतो किंवा दिवाळीची पोस्त. फारसी बख्शिश, म्हणजे देणं. रजिस्टर झालं, घेणाऱ्याने स्वीकारलं, की देणाऱ्याला मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र हयात असेपर्यंत हवं तितक्या वेळा बदला. आईवडील म्हणतात मुलाच्या नावावर "करून ठेवू", तर काय करून ठेवताय ते आधी विचारा, कारण एकात घर आजच जातं आणि दुसऱ्यात तुम्ही गेल्यावर. हक्कसोडपत्राबद्दल एवढंच, बहिणींनो, "फक्त सही दे, फॉर्मॅलिटी आहे" असं भाऊ म्हणाला तर शब्द पुन्हा वाचा, हक्क, सोड, पत्र.

आणि कुलमुखत्यारपत्र. हा शब्द अरबी आणि संस्कृत मिळून झालाय, कुल अरबी म्हणजे सगळं, मुख्त्यार अरबीतूनच फारसीमार्गे आलेला म्हणजे अधिकार दिलेला, पत्र संस्कृत. ह्यातला कुल आपला कुळ नाही, त्यामुळे "कुळाचा मुखत्यार म्हणजे घरातला मोठा" हा जो समज आहे तो सोडून द्या. एखाद्याला आपल्या वतीने सगळी कामं करायचा अधिकार दिला, एवढंच. मालकी दिली नाही. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सूरज लॅम्पच्या निकालात सांगून टाकलं की मुखत्यारपत्रावर मालमत्ता विकत घेतली असं होत नाही. आणि साधारणपणे देणारा वारला की ते पत्रही संपतं. काकांकडे आजोबांचं कुलमुखत्यारपत्र आहे आणि आजोबा १९९० ला गेले, तर त्या कागदाची आज किंमत इतिहासापुरती.

जमिनीचं वर्णन आणि सातबारा

दस्ताच्या मध्यावर जमिनीचं वर्णन येतं. मौजे म्हणजे गाव, अरबीत मूळ अर्थ जागा. तर्फ म्हणजे गावांचा गट, आज महसुलात त्याचा उपयोग नाही पण एकाच नावाची दोन गावं असतील तर ओळखायला कामाला येतो. आकार म्हणजे लांबीरुंदी नाही, आकार म्हणजे सरकारी सारा. "आकार रुपये १ आणे ६" वाचून लोक जमिनीची किंमत समजतात, ती सरकारला वर्षाला भरायची रक्कम आहे. पोटखराब म्हणजे लागवडीला नालायक तुकडा, खडक, नाला वगैरे, एकूण क्षेत्रात तो मोजला जातो. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. चतुःसीमा म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते, आणि ह्याला क्षेत्रफळाइतकंच महत्त्व द्या, कारण जुनी मोजणी चुकलेली असू शकते पण "पूर्वेस वहाळ" हा वहाळ, म्हणजे ओढा, अजून तिथेच असतो.

शेवटी जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी छान माळ येते. म्हणजे पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड आणि पुरलेलं धन, ठेव, सगळ्यासकट दिलं. धनाची आशा करू नका, त्याला १८७८ चा वेगळा कायदा आहे. पण आंबा-काजूची झाडं कोणाची हा कोकणातला कायमचा भांडणाचा विषय, आणि कागदात तरु आहे की "झाडे वगळून" आहे ते तिथेच कळतं.

सातबारा हा शब्द दोन नमुन्यांच्या नंबरांवरून आलाय, गाव नमुना ७ म्हणजे हक्काचा आणि गाव नमुना १२ म्हणजे पिकांचा. फेरफार म्हणजे हक्कात बदल झाल्याची नोंद, तो नमुना ६. सातबाऱ्यावर नावांपाशी गोलात किंवा कंसात जे आकडे असतात ते फेरफाराचे नंबर, आणि खरी गोष्ट तिथे असते. सातबारा फक्त सांगतो की आज कोणाचं नाव आहे, ते कसं आलं हे फेरफार सांगतो. म्हणून उतारा काढायला गेलात तर सगळ्या फेरफारांच्या नकला मागा, एकटा सातबारा घेऊन परत येऊ नका. जमीन महसूल कायदा १९६६ प्रमाणे ही नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच, आणि मालकी कोणाची हा वाद शेवटी दिवाणी कोर्टात सुटतो.

आता ती छोटी अक्षरं. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अज्ञान म्हणजे वयाने लहान, १८ पूर्ण न झालेला. एक काका आमच्याकडे तावातावाने आले होते की सरकारी कागदावर मला अज्ञान म्हटलंय, त्यांना समजावलं की तुम्ही तेव्हा सहा वर्षांचे होता आणि "अ.पा.क. आई" म्हणजे आईने तुमच्या वतीने जमीन सांभाळली. हे त्यांच्या फायद्याचं होतं, कारण त्यावरून जमीन आईची नाही, त्यांची हे दिसत होतं.

"ए.कु.मॅ." किंवा "ए.कु.पु." तर त्याहून मोठं प्रकरण. एकत्र कुटुंब मॅनेजर किंवा पुढारी. चार भाऊ, वडील वारले, तीन मुंबईत गिरणीत, एक गावी, तर गावातल्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लागायचं. तो एकटा मालक नव्हे, सगळ्यांच्या वतीने पुढारी. पुढे उतारा नव्याने लिहिताना ती तीन अक्षरं गळाली आणि नुसतं नाव उरलं असं मी कितीतरी ठिकाणी बघितलंय, आणि मग पुतण्यांना सांगितलं जातं की सातबारा बघा, एकट्याचंच नाव आहे. तिथे जुना फेरफार काढायचा, त्यात ए.कु.मॅ. सापडलं की वाटणीचं बोलणं सुरू करायला धागा मिळतो. मुंबईत तीन पिढ्या झालेल्या माणसाला ह्या सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

हिस्से आणे-पै मध्ये असतात. पूर्ण जमीन म्हणजे सोळा आणे, एका आण्याचे बारा पै, म्हणजे एकूण १९२ पै. कोणाच्या नावापुढे पाच आणे चार पै दिसलं तर पाच गुणिले बारा साठ, अधिक चार चौसष्ट, १९२ मधले ६४ म्हणजे तिसरा हिस्सा. चार आणे म्हणजे पाव. त्या पाववाल्याला तीन मुलं असतील तर ४८ पै भागिले तीन, सोळा पै, म्हणजे प्रत्येकी एक आणा चार पै, म्हणजे एकूण जमिनीचा बारावा भाग. कागद-पेन घेऊन बसा, मोबाईलच्या कॅलक्युलेटरवर आण्यांना पॉइंट देऊन गणित केलं की हमखास चुकतं.

"इतर हक्क" हा रकाना कधीही सोडू नका. तिथे कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याचं, नाव असेल तर कुळ कायदा लागतो. १९४८ चा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ पासून जमीन कसणारं कुळ मानीव खरेदीदार झालं, म्हणजे कायद्यानेच त्याला खरेदीदार मानलं. मग कलम "३२ ग" म्हणजे किंमत ठरवायचं काम आणि "३२ म" म्हणजे पैसे भरल्याचं सर्टिफिकेट. कुळ म्हणून तुमचे आजोबा असतील आणि ३२ म पिशवीत असेल तर तो कागद लॅमिनेट न करता जपून ठेवा, लॅमिनेशनने जुने कागद खराब होतात. वहिवाट म्हणजे वापर, ताबा. वहिवाटदार म्हणून नाव आहे म्हणजे मालक आहे असं नाही, कसत होता एवढं खरं.

मुंबईचा गठ्ठा

इथे फारसी कमी आणि पोर्तुगीज-इंग्रजी जास्त. गिरगाव, भुलेश्वर, माझगावकडच्या जुन्या दस्तात "फझेंदारी" दिसेल. पोर्तुगीज फझेंदा म्हणजे इस्टेट. जमीन फझेंदाराची, त्याच्यावर घर बांधणारा दुसराच, आणि तो फझेंदाराला नाममात्र जमीनभाडं देतो. म्हणजे "बिल्डिंग आमची" हे खरं असलं तरी खालची जमीन तुमची असेलच असं नाही, आणि रिडेव्हलपमेंटच्या वेळी हा फझेंदार कुठून तरी उगवतो. फोरास पण पोर्तुगीजच, फोरो म्हणजे हलकं भाडं. खाजणाची, भरतीच्या पाण्याची जमीन भरून काढून कमी भाड्याने कसायला दिली, ती फोरास जमीन, फोरास रोडचं नाव त्यावरून पडलं. लिलाव हा शब्दही पोर्तुगीजांचाच, लेलांव, पण तो इतका मुरलाय की कुणाला परका वाटत नाही.

शहरात सातबारा शोधत बसू नका. मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, आणि जमिनीचा भूमापन क्रमांक म्हणजे शहरात सी.एस. नंबर, उपनगरात सी.टी.एस. नंबर. फार जुन्या कागदावर लॉटनचा सर्व्हे नंबर असतो, तो एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीचा. तो आणि आजचा सी.एस. नंबर वेगळा असतो, घाबरू नका, एकच जमीन असू शकते, मेळ लावून घ्यावा लागतो. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे, दुय्यम म्हणजे फारसीत दुसरा, इथे जिल्हा निबंधकाच्या हाताखालचा. सूची क्रमांक दोनला सगळे इंडेक्स टूच म्हणतात, तो व्यवहाराचा सारांश असतो, मूळ दस्त नव्हे.

पागडी. शब्द डोक्यावरच्या पागोट्याचा, पण मुंबईत त्याचा अर्थ खोली मिळवायला भाड्याशिवाय द्यायची एकरकमी रक्कम. १९४७ च्या भाडे कायद्यात ती घेणं गुन्हा होता, त्यामुळे जुन्या कागदात पागडी हा शब्द सहसा सापडत नाही, रक्कम हातोहात जायची आणि कागद फक्त भाडेपावतीचा. म्हणून "आमच्याकडे पागडीचा पेपर नाही" म्हणून रडू नका, कुणाकडेच नसतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने कलम ५६ मध्ये अशी रक्कम कायदेशीर केली. तुमची खरी ताकद भाडेपावत्यांत, जितक्या जुन्या आणि सलग तितकं बरं, रेशनकार्ड आणि लाईट बिल सोबत ठेवा, कारण भाडेकरू वारल्यावर खोलीचा हक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे जातो आणि राहत होतो हे दाखवावं लागतं. ह्या केसेस धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात, ज्याला सगळे स्मॉल कॉज म्हणतात.

कोर्टाचे कागद असतील तर

दिवाणी आणि फौजदारी ह्यातला फरक मोगली हुद्द्यांवरून आलाय, दिवाण महसूल आणि पैशाचे दावे बघायचा, फौजदार फौजेच्या जोरावर बंदोबस्त ठेवायचा. वकील म्हणजे प्रतिनिधी, पेशवाईत दुसऱ्या दरबारात पाठवलेल्या माणसालाही वकीलच म्हणायचे. वकालतनामा म्हणजे तुम्ही त्याला प्रतिनिधी नेमल्याचं पत्र, कोऱ्यावर सही करू नका.

कैफियत म्हणजे रडगाणं नाही, प्रतिवादीचं लेखी उत्तर. समन्स मिळाल्यापासून साधारण ३० दिवस, कोर्टाने वाढवले तर ९०, म्हणून समन्स आलं की गणपती झाल्यावर बघू असं म्हणायचं नाही. "निशाणी ५" असं वकील म्हणाले तर तो तात्पुरत्या मनाईचा अर्ज, आपल्या जिल्हा कोर्टांत त्याला हे नंबरानेच ओळखतात. पुरसीस म्हणजे पक्षकाराने कोर्टाला दिलेलं छोटं निवेदन, मला आणखी पुरावा द्यायचा नाही वगैरे, पण कधीकधी त्यात दावा काढून घेतल्याचंही असतं म्हणून वाचून सही करा. हुकूमनामा म्हणजे डिक्री. आणि दरखास्त, ही सगळ्यात फसवी, साध्या मराठीत विनंती, कोर्टात मात्र हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून द्या म्हणून केलेला अर्ज. पिशवीत हुकूमनामा आहे पण दरखास्तीचा कागद नाही, तर आजोबा केस जिंकले आणि ताबा घ्यायला कुणी गेलंच नाही, असं होऊ शकतं. नाझर हा कोर्टातला बेलिफांच्या वरचा, जप्ती आणि पैसे बघणारा अधिकारी.

फौजदारीत पंचनामा, त्याला पाच पंच लागत नाहीत, झडतीला दोन किंवा जास्त चालतात. मुद्देमाल म्हणजे केसमधला जप्त माल. जातमुचलका, मुचलका शब्द तुर्की, म्हणजे मी हजर राहीन असं स्वतः लिहून दिलेलं बंधपत्र, तिथे दुसरा जामीन लागतोच असं नाही.

मोडीत असेल तर आणि नक्कल मागताना

जुना कागद मोडीत असेल तर गावातल्या कुणाकडून अंदाजे वाचून घेऊ नका, लिप्यंतर करणारे जाणकार मिळतात, त्यांच्याकडून सहीशिक्क्याचं लिप्यंतर घ्या. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे मोडीची माहिती असणारी माणसं भेटतात. लिप्यंतर आणि भाषांतर वेगळं, आधी लिप्यंतर घ्या, म्हणजे बिन आणि कोम जसेच्या तसे दिसतील, वाचणाऱ्याने स्वतःच्या मनाने अर्थ घातलेला नसेल.

नकलेवर खाली "अस्सलबरहुकूम नक्कल रुजू असे" असं काहीतरी लिहिलेलं असतं. अस्सल म्हणजे मूळ, बरहुकूम म्हणजे त्याप्रमाणे, रुजू म्हणजे पडताळून बघितलं. ही ओळ, सही आणि शिक्का नसेल तर ती नुसती झेरॉक्स आहे. अर्ज करताना गाव, तालुका, सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, फेरफार नंबर आणि शक्य तितकं वर्ष लिहा, "आजोबांच्या जमिनीचे सगळे कागद द्या" असं लिहिलं तर अर्ज टेबलावरच राहतो. आणि जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर जुन्या सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला असेल तर दोन्ही नंबर लिहा, नाहीतर रेकॉर्ड रूममधला माणूस चुकीचं पुस्तक काढतो आणि तुम्ही पुन्हा कोकणकन्येचं तिकीट काढता.